परदेशातील सरकारी कचेरी आणि आपला पोशाख

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी शिक्षणविषयक काही लिहावे, अशी सूचना कार्यवाहांनी केली होती. मी पेशाने शिक्षक. तेव्हा सूचना रास्तच होती. परंतु शिक्षणावर लिहिणारे अधिकारी लेखक या अंकात पुष्कळ आहेत. मी त्यांच्या पंक्तीस न बसता एका लहानशा, पण मला महत्त्वाच्या वाटणाऱ्या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधणार आहे.

गेल्या काही वर्षांत ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर शिकलेली आपली कितीतरी मुले मस्कत, दुबई, दोहा, कुवेत येथे पोटापाण्यासाठी गेली. जाण्यापूर्वी त्यांतील काही जण रीतीप्रमाणे निरोप घ्यायला येतात. करार कसा वाचावा, पैसे कसे पाठवावेत, थंडी किती, उन्हाळा किती, हे सारे विचारतात. पण तेथील सरकारी कचेरीत जाताना अंगावर काय असावे, हे आजवर एकानेही विचारलेले मला आठवत नाही. विषयच तसा क्षुल्लक वाटतो. मलाही तो तसाच वाटत होता. एका बुधवारी मात्र तो क्षुल्लक राहिला नाही. ती हकिगत प्रथम सांगतो.

२००९ ते २०१५ अशी सहा वर्षे मी मस्कतमध्ये एका भारतीय शाळेत शिकवीत होतो. २०१२ साली एका बुधवारी पहाटे फोन आला, की खानापूर तालुक्यातील एक सुतारकाम करणारा मुलगा खोलीत झोपेतच गेला. वय एकोणतीस. त्याचे सोबती घाबरून गेले होते. त्यांना इंग्रजी येत नव्हते, अरबीही येत नव्हते. मी अंगावर होता त्याच वेषात, म्हणजे गुडघ्यापर्यंतची अर्धी विजार, बिनकॉलरचा सदरा आणि पायांत रबरी सपाता, असा धावत इस्पितळात गेलो. मुख्याध्यापकांना वाटेतूनच रजा कळवली.

परदेशात मृत्यू झाला, की देह मायदेशी पाठविण्यासाठी कागदांची एक साखळीच पुरी करावी लागते. इस्पितळाचा दाखला, पोलिसांची परवानगी, आपल्या वकिलातीचे ना-हरकत पत्र, पासपोर्ट रद्द झाल्याची नोंद, देह टिकविण्याचे प्रमाणपत्र आणि मग विमान कंपनीची व्यवस्था. एक कडी तुटली, की पुढची हलत नाही. त्या काळी ओमानात गुरुवार-शुक्रवार अशी साप्ताहिक सुटी असे. १ मे २०१३ पासून ती शुक्रवार-शनिवार झाली. म्हणजे बुधवारी दुपारी अडीचच्या आत जो शिक्का मिळाला नाही, तो थेट शनिवारी. इकडे त्या मुलाची आई दारात बसून होती.

एका कचेरीच्या दाराशी मी पाऊण वाजता पोहोचलो. पहारेकऱ्याने हात आडवा केला. “सदीक,” तो म्हणाला. तिकडे अनोळखी माणसाला ‘मित्रा’ अशीच हाक मारतात. मग त्याने माझ्या गुडघ्यांकडे बोट दाखवून “मम्नूअ” म्हटले. मनाई. मी कागद दाखविले, मृत्यूचे काम आहे असे सांगितले. माणूस वाईट नव्हता. त्याने छातीवर हात ठेवून दुःख व्यक्त केले, पण हात आडवा तो आडवाच. माझ्या डोक्यावर भिंतीला फलक होता. अर्धी विजार नको, बिनबाह्यांचे कपडे नकोत, असे त्यावर अरबीत व इंग्रजीत लिहिले होते, चित्रेही होती. अरबी अक्षरे मी लहानपणापासून वाचत आलो आहे. पण तीन वर्षे त्या दाराने ये-जा करूनही तो फलक मी कधी वाचला नव्हता.

माझे घर तेथून पाऊण तासाच्या अंतरावर. रस्त्यापलीकडे एका मलबारी गृहस्थांचे कपडे धुण्या-इस्त्रीचे दुकान होते. मी काय बोललो ते आज आठवत नाही. त्यांनी गिऱ्हाइकाच्या कपड्यांना हात लावला नाही. आतल्या खोलीत जाऊन स्वतःची काळी विजार, सदरा आणि बूट घेऊन आले. विजार चार बोटे आखूड होती. दीड वाजता मी आत गेलो आणि दोन वाजून दहा मिनिटांनी शिक्का मिळाला. शुक्रवारी रात्री देह दाबोळीला उतरला, शनिवारी सकाळी गावी पोहोचला. शिक्का हुकला असता, तर त्या आईला आणखी तीन-चार दिवस वाट पाहावी लागली असती, आणि त्याचे कारण माझी अर्धी विजार हे ठरले असते.

या प्रसंगानंतर मी या गोष्टीकडे लक्ष देऊ लागलो. जे कळले ते पुढे मांडतो.

प्रथम हा नियम का असतो, ते पाहू. ओमानी पुरुषाचा पोशाख म्हणजे घोट्यापर्यंतचा दिशदाशा. त्याच्या गळ्याशी फुराखा नावाचा लहान गोंडा असतो आणि त्याला अत्तर लावतात. डोक्यावर एरवी कुम्मा नावाची नक्षीदार टोपी. पण सरकारी कामावर टोपीऐवजी मुसर, म्हणजे फेट्यासारखे वस्त्र बांधण्याचा शिरस्ता आहे. काउंटरपलीकडे बसलेला कारकून सकाळी फेटा बांधून, अत्तर लावून कामावर आलेला असतो. त्याच्या समोर आपण अर्ध्या विजारीत उभे राहिलो, तर त्याला ते आपल्या सोयीचे न वाटता त्याच्या कचेरीच्या अनादराचे वाटते. आपल्याकडेही फार जुनी गोष्ट नाही. बोडक्या डोक्याने कचेरीत जाणे ज्यांना लाजिरवाणे वाटे, असे आजोबा आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील.

दुसरे असे, की काही ठिकाणी हा केवळ शिरस्ता नसून कायदा आहे. शारजाने २००१ साली सभ्यतेचे नियम जाहीर केले. त्यांत स्त्रियांच्या उघड्या पाठीच्या व तोकड्या कपड्यांना, तसेच पुरुषांच्या फार आखूड विजारींना व उघड्या छातीला सार्वजनिक ठिकाणी मनाई केली. सौदी अरबस्तानात २०१९ च्या सप्टेंबरात सार्वजनिक शिष्टाचाराची नियमावली अमलात आली आणि अशोभनीय पोशाखास दंड ठरला. त्याच सौदीत स्त्रियांनी काळा अबायाच घातला पाहिजे असे बंधन शरीयतीत नाही, वेष शालीन असला म्हणजे झाले, असे तेथील युवराजांनी मार्च २०१८ मध्ये जाहीर मुलाखतीत सांगितले होते. कतारमध्येही पाहुण्यांनी खांदे व गुडघे झाकावेत असे आवाहन करणारी मोहीम २०१४ साली निघाली. प्रत्येक देशाचा तपशील निराळा. पण खांद्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत अंग झाकलेले असावे, हे माप बहुतेक ठिकाणी चालते.

आता पुरुषांविषयी. पूर्ण लांबीची विजार, कॉलरचा सदरा आणि बंद बूट एवढे पुरे. कोट-टायची गरज नाही. तेथील उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, हे तेथील लोकही जाणतात. सुती, सैल, पूर्ण बाह्यांचा सदरा उन्हालाही बरा आणि कचेरीतील वातानुकूलित गारठ्यालाही बरा. चपलांविषयी एक गंमत ध्यानात ठेवावी. ओमानी लोक स्वतः चामड्याची सँडल घालतात, त्यामुळे सँडलला कोणी हरकत घेत नाही. न्हाणीघरातील रबरी सपातांना घेतात. छातीवर चित्रे वा घोषवाक्ये असलेले टी-शर्ट घालू नयेत. इंग्रजी मजकुराचा अर्थ आपणांस ठाऊक नसतो, कारकुनास असतो.

लष्करी ठिपक्यांचे कापडही टाळावे. वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस व जमैका यांसारख्या देशांत असे कपडे नागरिकांनी घालणे हा चक्क गुन्हा आहे. आपल्याकडे बाजारात तीच विजार उघड विकत मिळते, म्हणून हे ध्यानात येत नाही.

आपल्या कुर्त्या-पायजम्याविषयी मला मुद्दाम सांगितले पाहिजे. आपण मुसलमान, तो मुलूख मुसलमानांचा, तेव्हा शुक्रवारच्या नमाजाला घालतो तो झुळझुळीत पांढरा कुर्ता-पायजमा कचेरीत अगदी शोभेल, अशी माझी समजूत होती. पहिल्याच महिन्यात माझ्याबरोबरच्या एका वडीलधाऱ्या शिक्षकांनी मला बाजूला घेऊन सांगितले, “मास्तर, पातळ पायजमा इथे रात्रीच्या कपड्यांत मोडतो.” धर्म एक असला, तरी देशोदेशीचा शिष्टाचार निराळा असतो, हा धडा मला तेव्हा मिळाला. जाड कापडाचा, नीट इस्त्री केलेला सलवार-कुर्ता मात्र सर्वत्र आदरानेच पाहिला जातो. लुंगी व धोतर यांविषयी गैरसमज होतात. २०१३ साली दुबईच्या मेट्रोत धोतर नेसलेल्या एका वृद्ध भारतीयास अडविल्याची बातमी आली होती. पुढे वाहतूक खात्याने असा काही नियम नसल्याचा खुलासा केला. म्हणजे नियम आपल्या बाजूचा होता. पण दाराशी अडला तो वेळ त्या गृहस्थांचा गेला.

स्त्रियांविषयी. आखातातील बहुतेक देशांत परदेशी स्त्रीने डोके झाकलेच पाहिजे असे कचेरीत कोणी म्हणत नाही. आपला सलवार-कमीज व ओढणी हा तेथे सर्वांत निर्धोक वेष होय. साडी चालते, पोट व पाठ पदराने झाकलेली असावी आणि पोलक्याला बाह्या असाव्यात, एवढेच. ज्या भगिनी नकाब घेतात, त्यांना ओळख पटविण्यासाठी चेहरा दाखवावाच लागतो. अनेक कचेऱ्यांत त्यासाठी स्त्री-कर्मचारी असतात. तशी विनंती संकोच न करता, पण आधीच करावी. रांगेत नंबर आल्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

याउलट युरोपात गेल्यास नियम दुसऱ्या टोकाचा आहे. फ्रान्समध्ये सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यास ११ एप्रिल २०११ पासून बंदी आहे. नेदरलँड्समध्ये १ ऑगस्ट २०१९ पासून सरकारी इमारती, शाळा, इस्पितळे व सार्वजनिक वाहने यांपुरती ती लागू झाली. स्वित्झर्लंडमध्ये १ जानेवारी २०२५ पासून देशभर लागू आहे. येथे बंदी चेहरा झाकण्यास आहे, डोके झाकण्यास नव्हे. केसांवर रुमाल बांधून कचेरीत जाता येते. कॅनडात मात्र नागरिकत्वाची शपथ घेताना नकाब काढण्याची सक्ती २०११ साली झाली होती, तिला एका पाकिस्तानी वंशाच्या महिलेने न्यायालयात आव्हान दिले. सप्टेंबर २०१५ मध्ये अपील न्यायालयात निकाल तिच्या बाजूने लागला आणि पुढच्याच महिन्यात तिने नकाबातच शपथ घेतली. तिने आपली ओळख पटविण्यासाठी चेहरा स्त्री-अधिकाऱ्यास दाखविण्यास कधीच नकार दिला नव्हता, ही गोष्ट विसरू नये. अमेरिकेत नागरिकत्वाच्या शपथविधीच्या सूचनापत्रातच जीन्स, अर्ध्या विजारी व सपाता घालून येऊ नये, असे बजावलेले असते.

आता एक फार उपयोगाचा भाग. आजकाल बहुतेक अर्ज घरबसल्या किंवा टायपिंग सेंटरमधून भरता येतात. ओमानात त्यासाठी ‘सनद’ कार्यालये आहेत, दुबईत ‘आमेर’ केंद्रे आहेत. म्हणजे कचेरीत स्वतः जावे लागते ते मुख्यतः छायाचित्र, बोटांचे ठसे आणि वैद्यकीय तपासणी यांसाठी. या तिन्ही कामांत कपड्यांचा संबंध शिष्टाचाराहून अधिक आहे.

छायाचित्राची पार्श्वभूमी बहुधा पांढरी असते. आपण पांढरा सदरा घातला, तर खांदे पार्श्वभूमीत विरून जातात आणि छायाचित्र परत येते; म्हणून गडद रंगाचा वेष घालावा. परदेशांतील भारतीय वकिलातींत १ सप्टेंबर २०२५ पासून पासपोर्टसाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मापाचेच छायाचित्र घेतात. त्यात चेहऱ्याने ८० ते ८५ टक्के जागा व्यापलेली असावी लागते. धर्माच्या कारणाने डोके झाकण्यास मुभा आहे, मात्र कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा दिसला पाहिजे आणि त्यावर सावली पडता कामा नये. अमेरिकेच्या व्हिसाच्या छायाचित्रात १ नोव्हेंबर २०१६ पासून चष्मा चालत नाही, आणि गणवेशातील छायाचित्रही घेत नाहीत.

बोटांच्या ठशांसाठी बोटांची टोके स्वच्छ हवीत. ईदला किंवा लग्नात आपल्या मुली बोटांच्या पेरांपर्यंत मेंदी काढतात. लग्नानंतर आठवड्याने नवऱ्यामागे निघालेल्या नवरीचे ठसे यंत्र घेत नाही, असे होऊ शकते. ब्रिटनच्या व्हिसासाठी तर बोटांवर मेंदी वा जखम नसावी, असे स्पष्टच सांगतात. तारीख ठरली असल्यास बोटांची टोके मेंदीशिवाय ठेवावीत. सुतार, गवंडी, रंगारी यांनी आदल्या रात्री हातांना खोबरेल लावून सकाळी ते चांगले धुवावेत.

वैद्यकीय तपासणीत छातीचे क्ष-किरण चित्र काढतात व रक्त घेतात. धातूची बटणे, हुक, जरी, साखळी, तावीज यांची सावली चित्रात उमटते. म्हणून साधा सुती वेष घालावा, दागिने घरीच ठेवावेत आणि बाह्या कोपरावर सहज सरकतील अशा सैल असाव्यात.

हे सारे वाचून एखादा तरुण म्हणेल, की मास्तर, आमचे काम कागद पाहून करायचे की कपडे पाहून? प्रश्न योग्य आहे. सरकारी कचेरी गरिबालाही उघडी असली पाहिजे, आणि मळक्या कपड्यांतील मजुरास कारकून ‘थांब’ म्हणतो व कोट घातलेल्यास ‘बसा’ म्हणतो, हे कोणत्याही देशात अन्यायाचेच आहे. मस्कतमध्ये मी हे पाहिले आहे, आणि बेळगावातही पाहिले आहे. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी पोशाखाचे परिपत्रक काढले होते. शुक्रवारी खादी वापरण्याचीही त्यात सूचना होती. कचेरीत बसणाऱ्यास नियम असेल, तर येणाऱ्याकडूनही काही अपेक्षा राहणारच. परंतु नियम असणे निराळे आणि माणसाची किंमत कपड्यांवरून करणे निराळे.

पोशाखाने निषेध करता येतो, हेही खरे. १९११ च्या दिल्ली दरबारात बडोद्याचे महाराज सयाजीराव दागदागिन्यांचा थाट टाकून साध्या वेषात बादशहापुढे गेले, आणि त्याची चर्चा विलायतेपर्यंत झाली. १९३१ साली महात्माजी पंचा नेसूनच बकिंगहॅम राजवाड्यात गेले. पण त्या दोघांनी ते समजून-उमजून, सर्व देशासाठी केले होते. मी अर्धी विजार घालून गेलो, त्यात निषेध नव्हता. घाई होती आणि अज्ञान होते. आपल्या अज्ञानाला बाणेदारपणाचे नाव देऊ नये.

म्हणून माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो. कामाच्या पिशवीत किंवा गाडीत एक विजार, एक कॉलरचा सदरा घडी करून कायम ठेवावा. संकट कपडे बदलायला वेळ देत नाही. कचेरीच्या दाराशी असलेला फलक पहिल्याच दिवशी वाचावा. अडविले गेल्यास वाद न घालता काय कमी आहे एवढेच विचारावे. पुष्कळदा एक शाल किंवा ओढणी पुरते. आणि कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कामे पाहणारा माणूस, कामावरूनच मजुरांना कचेरीत नेणार असेल, तर हात-पाय धुऊन कपडे बदलण्यास अर्धा तास मागून घ्यावा. तो मागण्यात लाज नाही.

शेवटी ट्रस्टच्या विश्वस्तांस एक विनंती. परदेशी निघालेल्या मुलांना आपण सत्काराच्या वेळी शाल व श्रीफळ देतो. त्याऐवजी एक पूर्ण विजार व एक सदरा द्यावा, आणि तिकडे राहून आलेल्या एखाद्या वडीलधाऱ्यासमोर त्यांना तासभर बसवावे. खर्च शालीहून फारसा जास्त येणार नाही.

त्या मलबारी गृहस्थांचे कपडे मी धुऊन, इस्त्री करून दुसऱ्याच आठवड्यात परत नेले. पैसे देऊ लागलो, तर ते म्हणाले, “सर, पोरगा घरी पोचला ना?” पोचला, असे मी सांगितले. त्यांनी विजार खुंटीला अडकवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा सदरा इस्त्रीला घेतला.